दारूची टेस्ट, नशेची टेस्ट : कागद कुणाला दाखवायचा?

(लेखमाला ‘रिपोर्ट हातात येण्याआधी’, लेखांक सातवा)

मस्तगड म्हणजे जालन्याचा जुना भाग. निजाम-उल-मुल्कच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ मध्ये इथे गढी बांधली, तिचंच नाव वस्तीला मिळालं आणि पुढे नगरपालिकेचं दफ्तरही त्याच गढीत गेलं. इथल्या माणसाला शुगर किंवा थायरॉइड तपासायचं असेल तर पत्ता विचारावा लागत नाही. पण कंपनीने ‘ड्रग टेस्टचा रिपोर्ट आणा’ म्हणून सांगितलं, मुलाच्या कपाटात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली किंवा भावाला रात्री पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, की अडचण होते. मेडिकलवाला ओळखीचा, लॅबवाला गल्लीतला. विचारायचं कुणाला? मग माणूस मोबाइल उघडतो, आणि मोबाइल ‘घरपोच सॅम्पल कलेक्शन’च्या जाहिरातींची रांग लावतो.

त्या रांगेतून लॅब निवडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. हा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार? कोर्टाच्या, कंपनीच्या की डॉक्टरांच्या? रक्त तेच, लघवी तीच. पण तिन्हींचे रस्ते वेगळे, आणि एका रस्त्याचा कागद दुसरीकडे बहुधा चालत नाही.

कोर्टाचा रस्ता सर्वांत कडक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावरची फुंकायची मशीन ही पहिली पायरी. अटक झालेल्याच्या श्वासात दारू दिसली किंवा त्याने फुंकायलाच नकार दिला, तर कलम २०४ खाली रक्ताचा नमुना मागता येतो. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे आरोपीच्याच विरोधात धरला जातो. म्हणजे ‘फुंकलंच नाही तर केस होत नाही’ हा कट्ट्यावरचा सल्ला घेणाऱ्यालाच अडकवतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला दारूबंदी कायदा, १९४९ आहे. त्याच्या कलम १२९-अ खाली पोलीस किंवा उत्पादन शुल्कचे अधिकारी संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरांपुढे उभं करतात. इथे ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं, तर ते दारूचं नाही, औषधाचं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. एकाच रक्ताला दोन कायद्यांच्या दोन मोजपट्ट्या! चाळीस मिलिग्रॅमवाला चालक एका कायद्यात सरळ दोषी, आणि दुसऱ्यात पुराव्याचं ओझं अजून सरकारवरच.

हे रक्त कसं घ्यायचं याचे नियम १९५९ चे आहेत आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहेत. शिरेतून निदान पाच सी.सी. रक्त. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेली. डिस्पोजेबल सिरिंजच्या जमान्यातही नियम उकळत्या पाण्याचाच. सुई टोचण्याआधी एरवी फिरवतात तो स्पिरिटचा बोळा इथे चालत नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल आणि वकील तोच मुद्दा उचलतो. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं रसायन हवं. हे काम सहसा सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट करतात. शुगरच्या तपासणीला करड्या टोपणाची जी नळी वापरतात, तिच्यातही हेच असतं. फ्लोराइड नसेल तर नमुन्यातले जंतू रक्तातली साखर खाऊन स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात, मग न पिणाराही कागदावर प्यायलेला ठरेल. नंतर सील, लेबल आणि फॉर्म. तपासणीचं प्रमाणपत्र ‘अ’ नमुन्यात, प्रयोगशाळेला पत्र ‘ब’ नमुन्यात, निकाल ‘क’ नमुन्यात. पोलीस ठाण्यात या निकालाला आजही ‘सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात. जालन्याला सर्वांत जवळची सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात आहे.

तेव्हा नातेवाइकाला पोलिसांनी नेलं म्हणून दुसऱ्या दिवशी खासगी लॅबमध्ये रक्त देऊन ‘निल’ रिपोर्ट आणायची धावपळ फारशी कामाची नाही. त्या नळीला ना सील, ना फॉर्म. आणि ती कुणाच्या हातून कुठे गेली याची नोंदही नाही. कामाची गोष्ट वेगळी आहे. अटक झालेल्या व्यक्तीला तिच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. जुन्या फौजदारी संहितेत ती कलम ५४ खाली होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५३ खाली. सिव्हिलमधून, म्हणजे जिल्हा रुग्णालयातून, निघताना ती प्रत मागावी आणि तिच्यावर रक्त घेतल्याची वेळ लिहिली आहे का ते बघावं.

ती वेळ बघायची कारण शरीरात शिरलेली दारू थांबून राहत नाही. सर्वसाधारण माणसाचं यकृत तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास. साडेआठ तासांचं अंतर. हिशेब मांडून पाहावा : पहाटे अडीचला एखाद्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट दारू असेल, तर सकाळी अकरापर्यंत ती जवळजवळ साफ होते. त्यासाठी कुणालाही लबाडी करावी लागत नाही. या प्रकरणात पोलिसांचा आरोप त्याच्याही पुढचा आहे. नमुनाच बदलला गेला, असं त्यांचं म्हणणं. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर ही अदलाबदल उघड झाल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली.

जालन्याच्या शेजारचंही उदाहरण आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. सुरुवातीला चर्चा टायर फुटल्याची होती. काही दिवसांनी अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालाची बातमी आली : चालकाच्या रक्तात अल्कोहोल सापडलं होतं. तोंडाच्या वासावर आणि अंदाजावर सोडलं असतं तर ही गोष्ट कागदावर आलीच नसती. सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हेच वेगळ्या अंगाने सांगितलं आहे. वास येत होता, चाल अडखळती होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता कंपनीचा रस्ता. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळयांच्या रोलिंग मिल आहेत. तापलेल्या लोखंडाशेजारी झिंगलेला माणूस नको, हे सांगायला सुरक्षा अधिकारी लागत नाही. रेल्वेत लोको पायलटला ड्युटीवर चढताना मशीनमध्ये फुंकावं लागतं, विमानात वैमानिकाला आणि केबिन क्रूला. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या किंवा परदेशी नोकरीची ऑफर आलेल्या मुलांना मात्र बहुधा लघवीची ‘फाइव्ह पॅनल’ किंवा ‘टेन पॅनल’ टेस्ट सांगतात. पाच म्हणजे साधारणपणे गांजा, अफूवर्गीय पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन आणि पाचवं कंपनी ठरवील ते. त्यामुळे लॅबमध्ये ‘ड्रग टेस्ट करायची’ एवढं म्हणून भागत नाही. कंपनीचं पत्रच काउंटरवर दाखवावं : कोणते पदार्थ, किती पॅनल, आणि पॉझिटिव्ह आलं तर पुढची खात्रीची तपासणी कोण करणार.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. लॅबमधली पट्टी ही चाळणी आहे, निकाल नव्हे. पट्टी पॉझिटिव्ह आली तर त्याच नमुन्याची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या यंत्रावर खात्री करावी लागते, आणि ती सोय गल्लीतल्या लॅबमध्ये नसते. नमुना मोठ्या शहरात जातो. खात्री न करता नोकरी नाकारली गेली तर भांडायला जागा आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेला माणूस अफूच्या पट्टीवर पॉझिटिव्ह येतो. दिवाळीत खसखस लावलेले अनारसे मनसोक्त खाल्ले तरी तसं होऊ शकतं, कारण खसखस ही अफूच्याच बोंडातली. अमेरिकेत सरकारी तपासण्यांना याचा इतका त्रास झाला, की १९९८ मध्ये अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० वर नेली. तेव्हा चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी नमुना देण्याआधीच नोंदवून घ्यावी. निकाल आल्यावर सांगितलेली चिठ्ठी सबबीसारखी दिसते.

नमुन्यात लबाडी होते हे लॅबवाल्यांनाही ठाऊक असतं. ताजी लघवी चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान भरते. खिशातून आणलेली दुसऱ्याची बाटली तिथेच पकडली जाते. बादलीभर पाणी पिऊन आलेल्याचं क्रिएटिनिन घसरतं आणि रिपोर्टवर ‘पातळ नमुना’ असा शेरा पडतो. नोकरीची टेस्ट घरपोच कलेक्शनवर का नको, तेही यावरून कळतं.

लॅब निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. रिपोर्टवर सही कुणाची? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच त्यावर सही करायची. तंत्रज्ञाची सही पुरत नाही. दुसरी गोष्ट एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता. पाटीवर शिक्का असला तरी ही मान्यता लॅबला सरसकट नसते, एकेका तपासणीला असते. शुगरसाठी मान्य असलेली लॅब ड्रग पॅनलसाठीही मान्य असेलच असं नाही. यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

तिसरा रस्ता घरातून निघतो आणि तिथेच लोक सर्वांत जास्त चुकतात. आई-वडील ऑनलाइन पट्टी मागवतात, मुलगा झोपेत असताना बाथरूममधून नमुना मिळवायचे बेत करतात, आणि पट्टी निगेटिव्ह आली की सुटकेचा श्वास टाकतात. पण पट्टीला माहीत नसलेलं तिला दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या छाप्यांत कोकेन आणि केटामाइनबरोबर मेफेड्रोन पकडलं. ते बाजारात ‘एमडी’ म्हणून विकलं जातं. नेहमीच्या फाइव्ह पॅनलमध्ये मेफेड्रोनचा रकाना नसतो आणि अ‍ॅम्फेटामाइनच्या पट्टीवरून ते बरेचदा निसटतं. मराठवाड्यात पोरं ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांतल्या नायट्राझेपामचंही तसंच. काही पट्ट्या ते पकडतात, काही नाही. पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाची पट्टी तर स्वच्छच येते. शिवाय मुदतीचा प्रश्न असतो : रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही दिसतो, अफूवर्गीय पदार्थ आणि कोकेन दोन-चार दिवसांत जातात. दारू रक्तात काही तासच सापडते. तिचा ईटीजी नावाचा अवशेष मात्र लघवीत तीनेक दिवस राहतो. महिनोन्महिने पिणाऱ्याची खूण जीजीटी आणि सीडीटी या रक्ततपासण्यांत मिळते, पण जीजीटी फॅटी लिव्हरमुळेही वाढतं.

म्हणून या रस्त्यावर पहिली पायरी लॅब नव्हे, डॉक्टर. जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’ला, मानसोपचाराची ओपीडी विचारावी, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता शहरात आहे. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय, म्हणजे ‘घाटी’. निवासी उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीने उभं केलेलं. कोणती टेस्ट करायची आणि करायची का, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्यावं. चोरून केलेल्या टेस्टने पुरावा मिळतो आणि मुलगा तुटतो. हा व्यवहार फायद्याचा नाही.

टेस्ट केली तर पोलीस घरी येतील, या भीतीने कित्येक जण दारातूनच परततात. अमली पदार्थांचं सेवन हा एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे : अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यातच दिला आहे.

ओळखीच्या काउंटरवर तोंड उघडायचं नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा (एनसीबी) १९३३ विक्रीची खबर देण्यासाठीही आहे. फोन करताना वय, काय घेतलं जातंय याचा अंदाज आणि शेवटचं कधी घेतलं एवढं हाताशी ठेवावं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केल्यापासून दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं किंवा झटका येणं सुरू झालं, तर फोनही नको आणि टेस्टही नको. थेट सिव्हिलचा अपघात विभाग गाठावा.

(पुढील लेखांकात : लग्नाआधीच्या रक्ततपासण्या)