कूलिंग टॉवरमधलं बुळबुळीत प्रकरण

मौद्याच्या एनटीपीसी वीज केंद्राच्या (२३२० मेगावॅट!) कूलिंग टॉवरवर दिसतो तो धूर नव्हे, वाफ. गोसीखुर्द धरणाचं पाणी आत पुन्हापुन्हा फिरतं. कोमट पाणी, ऊन, धूळ, जंतूंची चंगळच! तरंगणारे जंतू एकवेळ परवडले, कंडेन्सरच्या नळ्यांना चिकटलेला चिकट थर नाही. तो क्षारांच्या खपलीपेक्षाही जास्त उष्णता अडवतो. उपाय क्लोरीन. पण पाण्याचा पीएच ८च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ब्रोमीन जोडीला घेतात. थर जुना झाला तर औषध आतपर्यंत पोचतच नाही. आधी तो सोडवावा लागतो.

आपल्या डेझर्ट कूलरचंही तेच. टाकीच्या कडेला बोट फिरवून बघा. नुसतं पाणी बदलू नका, घासा.