लेबलवरील नाव आणि आतील औषध : संगणकाच्या प्रोसेसरची ओळख

औषधाच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव कंपनीने दिलेले असते. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटकद्रव्य आणि त्याची मात्रा हेच खरे औषध असते, हा धडा वैद्यकीय विद्यार्थ्यास फार लवकर शिकावा लागतो. त्याच नावापुढे ‘फोर्ट’, ‘प्लस’ किंवा ‘एसआर’ ही अक्षरे जोडली गेली की औषधाचा परिणाम, कालावधी आणि कधी कधी घटकसुद्धा बदलतो, हेही आपण जाणतो. मात्र हेच डॉक्टर दवाखान्यासाठी संगणक घ्यायला पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जातात, तेव्हा ‘आय-७ द्या’ एवढेच सांगून मोकळे होतात. ‘कोणती पिढी? किती कोअर? शेवटचे अक्षर कोणते?’ असे दुकानदाराने विचारले तर पंचाईत होते. आणि त्याने काहीच विचारले नाही, तर नुकसान होण्याचा संभव अधिक. प्रोसेसरची ही नावे कशी पडली, त्यांतून काय कळते व काय कळत नाही, आणि आपल्या व्यवसायास त्यांतील नेमके काय लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आकड्यांकडून नावांकडे

संगणकांच्या श्रेणी आपल्या शहराला नव्या नाहीत. डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली ‘ईसीआयएल’, हैदराबादेत स्थापन झाली. तुर्भे येथील अणुशास्त्रज्ञांनी विकसित केलेला टीडीसी-१२ हा संगणक १९६९ मध्ये सिद्ध झाला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ असा त्या आद्याक्षरांचा विस्तार. पुढे ईसीआयएलने टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ हे संगणक तयार केले. १२ म्हणजे बारा बिटांची रचना आणि ३१६ मधील १६ म्हणजे सोळा बिटांची. नाव वाचले की यंत्राचा एक मूलभूत गुणधर्म कळत असे.

अमेरिकेत इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ मध्ये ८०८६ आला आणि त्याच्याच वंशात २८६, ३८६, ४८६ ही पुढची भावंडे जन्मली. परंतु एएमडीसारख्या प्रतिस्पर्धी कंपन्याही आपल्या चिपला ३८६ म्हणू लागल्या. नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने ठरविल्यावर इंटेलने १९९३ मध्ये पाचव्या पिढीस ५८६ न म्हणता ‘पेंटियम’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘पेंटा’ म्हणजे पाच. या पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढे तेच धाम एएमडीत गेले व पेंटियमशी स्पर्धा करणाऱ्या के-६ या प्रोसेसरच्या कामात सहभागी झाले, हाही एक योगायोगच.

आकडा गेला आणि नाव आले, तेव्हापासून ग्राहकाचा गोंधळ वाढला.

एकाच बागेतले आंबे

एकाच कंपनीचे महाग आणि स्वस्त प्रोसेसर अगदी वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या आराखड्यांवर तयार होत असतील असा समज असतो. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. सिलिकॉनच्या एका तबकडीवर एकाच आराखड्याच्या अनेक चिप्स कोरल्या जातात. त्यानंतर प्रत्येकीची तपासणी होते. रत्नागिरीच्या बागायतदाराने एकाच बागेतल्या आंब्यांची आकार आणि डाग पाहून प्रतवारी करावी, तसाच हा प्रकार. जी चिप अधिक वेगाने, कमी उष्णतेत चालते ती वरच्या नावाने विकली जाते. जिच्यात एखादा भाग सदोष निघतो तिचा तो भाग बंद करून ती खालच्या नावाने विकतात. एएमडीचे रायझन-५ ५६००-एक्स आणि रायझन-७ ५८००-एक्स हे २०२० सालचे दोन प्रोसेसर पाहावेत. दोहोंतील मुख्य चिप आठ कोअरची. पहिल्यात त्यांपैकी सहाच चालू ठेवलेले असतात.

मात्र प्रतवारी नेहमी दोषावरूनच होते असे नाही. १९९१ मध्ये इंटेलने ४८६-एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला. मूळ ४८६ मध्ये दशांश-अपूर्णांकांची गणिते करणारा जो स्वतंत्र भाग होता, तो यात बंद करून ठेवलेला होता. नंतर ती क्षमता हवी असणाऱ्यांसाठी ४८७ नावाची आणखी एक चिप विकली गेली. ती वस्तुतः जवळजवळ संपूर्ण ४८६ च होती आणि ती बसवली की आधीची चिप निष्क्रिय होत असे! बाजारपेठेचे थर पाडण्यासाठी केलेली ही विभागणी होती.

१९९८ मधील सेलेरॉनची कथा याच्या उलट आहे. स्वस्त संगणकांसाठी काढलेल्या पहिल्या सेलेरॉनमधून दुय्यम कॅश मेमरी पूर्णपणे काढून टाकली होती. वापरणाऱ्यांना तो मंद वाटला आणि टीका झाली. त्याच वर्षी १२८ किलोबाइट कॅश असलेला सेलेरॉन आला व त्याने चांगले नाव कमावले. दोहोंवर नाव मात्र एकच. औषधाच्या दुकानात नाव तेच राहून घटकद्रव्य बदलले तर आपण जसे सावध होतो, तसेच इथेही व्हायला हवे.

नाडीचे ठोके आणि हृदयाचे काम

प्रोसेसरची क्षमता गिगाहर्ट्‌झमध्ये मोजण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. डॉक्टरांना ती सवय सोडवण्यासाठी एकच दाखला पुरे. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे केवळ नाडीच्या गतीवर ठरत नाही; एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडते, त्याने गतीला गुणावे लागते. नियमित धावणाऱ्याची नाडी पन्नास असूनही त्याचे हृदय उत्तम काम करते. गिगाहर्ट्‌झ ही नाडी. एका ठोक्यात प्रोसेसर किती आज्ञा पार पाडतो, हे त्याचे आकारमान.

इंटेलच्या पेंटियम-४ ने २००० नंतर नाडीवरच भर दिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ या प्रोसेसरची खरी गती १.५३ गिगाहर्ट्‌झ होती, पण काम त्याहून बरेच अधिक गतीच्या पेंटियम-४ च्या तोडीचे होई. म्हणून एएमडीने गतीऐवजी हा तुलनात्मक आकडाच नावात घातला. पुढे पेंटियम-४ ची उष्णता आवरेना. ४ गिगाहर्ट्‌झचा टप्पा गाठण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला आणि २००६ मध्ये ‘कोअर’ ही कमी नाडीची, पण अधिक कार्यक्षम मालिका आणली. गिगाहर्ट्‌झची तुलना करायचीच तर ती एकाच पिढीतील, एकाच घराण्यातील प्रोसेसरांत करावी.

कोअर म्हणजे काम करणारे स्वतंत्र हात. बाह्यरुग्ण विभागात चार डॉक्टर बसले तर रांग लवकर सरते. पण एकच शस्त्रक्रिया चार शल्यविशारदांनी एकदम केली म्हणून ती चौपट वेगाने होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. कॅश मेमरी म्हणजे शल्यविशारदाच्या हाताशी ठेवलेली उपकरणांची तबकडी. मुख्य मेमरी म्हणजे बाजूच्या खोलीतले कपाट. २०२१ पासून इंटेलच्या बऱ्याच नव्या प्रोसेसरांत वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात. प्रमुख डॉक्टरांनी अवघड काम करावे आणि निवासी डॉक्टरांनी नित्याचे, तशी ही व्यवस्था. म्हणून ‘दहा कोअर’ असे ऐकल्यावर त्यांत कोणते किती, हे विचारावे.

नाव कसे वाचावे?

इंटेलचे आय-७ २००८ मध्ये, आय-५ २००९ मध्ये, आय-३ २०१० मध्ये आणि आय-९ २०१७ मध्ये आले. हे आकडे केवळ त्या त्या पिढीतील पायरी सांगतात. कोअरची संख्या सांगत नाहीत. खरी माहिती पुढच्या आकड्यांत असते. ‘आय-५ ८२५०-यू’ यातील ८ म्हणजे आठवी पिढी, २५० हा त्या पिढीतील क्रम, आणि यू म्हणजे कमी वीज वापरणारा लॅपटॉपचा प्रोसेसर. ‘आय-५ १२४००’ म्हणजे बारावी पिढी. शेवटी एच असल्यास अधिक वीज घेणारा वेगवान लॅपटॉप; एफ असल्यास आत चित्रप्रक्रियेची सोय नाही, म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागणार; के असल्यास गती वाढवण्याची मुभा. २०२३ अखेरीस इंटेलने ‘आय’ हे अक्षर सोडून ‘कोअर अल्ट्रा’ ही नावे सुरू केली, आणि त्याच वर्षापासून लॅपटॉपवरील पेंटियम व सेलेरॉन ही नावे बंद करून त्या स्वस्त श्रेणीस नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ म्हटले.

पिढी किती महत्त्वाची, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. २०१६ च्या ‘आय-७ ७५००-यू’ मध्ये दोन कोअर होते. पुढच्याच वर्षीच्या ‘आय-५ ८२५०-यू’ मध्ये चार. म्हणजे नवा आय-५ जुन्या आय-७ पेक्षा सरस ठरला. एएमडीच्या रायझन मालिकेतही ३, ५, ७ आणि ९ अशा पायऱ्या आहेत; पण तेथे आणखी सावध राहावे लागते. ‘रायझन-५ ७५२०-यू’ हे नाव नवे भासते, तरी त्यातील कोअरची रचना २०१९ मध्ये आलेली आहे. वेष्टनावरील तारीख ताजी, आतले औषध जुनेच.

दवाखान्यासाठी काय घ्यावे?

स्वागतकक्षात नोंदणी, पावत्या आणि औषधचिठ्ठ्या छापणाऱ्या संगणकास आय-३ किंवा रायझन-३ पुरेसा असतो. वाचलेले पैसे अधिक मेमरी, एसएसडी आणि चांगल्या यूपीएसवर खर्च करावेत. सीटी किंवा एमआरआयच्या प्रतिमा पाहावयाच्या असतील तर आय-५ वा रायझन-५, भरपूर मेमरी आणि त्याहूनही महत्त्वाचा असा उत्तम मॉनिटर हवा. महागडा प्रोसेसर घेऊन साध्या पडद्यावर क्ष-किरण प्रतिमा वाचण्यात काही अर्थ नाही.

सर्व रुग्णांच्या नोंदी ज्या एका यंत्रावर राहतात, त्या सर्व्हरची गोष्ट निराळी. इंटेलचे झिऑन आणि एएमडीचे एपिक हे त्यासाठीच असतात. त्यांचा मोठा गुण वेगापेक्षा विश्वासार्हतेचा आहे. मेमरीत एखादा बिट आपोआप उलटला तर तो ओळखून दुरुस्त करणारी मेमरी त्यांच्याबरोबर वापरता येते. घरगुती संगणकांत ही सोय बहुधा नसते. नोंदीतील एखादा आकडा कोणाच्याही लक्षात न येता बदलला, तर त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

लॅपटॉप घेताना आणखी एक काळजी. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर आले आहेत. ते एआरएम नावाच्या वेगळ्या घराण्यातले. बॅटरी चांगली टिकते. परंतु ईसीजी, फुप्फुसांची तपासणी किंवा प्रयोगशाळेतील यंत्रे संगणकाशी जोडण्यासाठी जे ड्रायव्हर लागतात, ते इंटेल व एएमडीच्या घराण्यासाठीच लिहिलेले असतील तर त्या लॅपटॉपवर चालत नाहीत. यंत्र पुरवणाऱ्यास आधी विचारून मगच निर्णय घ्यावा.

शेवटची बाब सर्वांत निकडीची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, अथवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. म्हणून २०१७ च्या आरंभीचा ‘आय-७ ७७००’ त्या यादीत बसत नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला साधा ‘आय-३ ८१००’ मात्र बसतो. दुरुस्त करून विकले जाणारे जुने संगणक ‘आय-७’ या एका शब्दावर स्वस्तात मिळतात, तेव्हा हा फरक ध्यानी ठेवावा. सुरक्षा-सुधारणा बंद झालेल्या संगणकावर रुग्णांची गोपनीय माहिती ठेवून तो इंटरनेटला जोडणे हे आपल्या व्यवसायधर्मास धरून नाही.

आपल्या दवाखान्यातील संगणकाचा प्रोसेसर कोणता, हे पाहणे अगदी सोपे आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ उघडले की पूर्ण नाव दिसते. ते कागदावर उतरवून घ्यावे. पिढी, कोअर आणि शेवटचे अक्षर पाहावे. हायटेक सिटीच्या परिसरात आज इंटेल, एएमडी आणि क्वालकॉम या तिन्ही कंपन्यांची चिप-रचनेची केंद्रे आहेत. आपल्यापैकी कुणाचा मुलगा, सून वा भाचा तेथे कामास असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी त्यांना तो कागद अवश्य दाखवावा. आपण रुग्णाला जशी जुनी चिठ्ठी घेऊन यायला सांगतो, तसेच हे आहे.