पुढून येणारी खडखड (लेखांक ९)

शहीद चौकातून तीन नल चौकाकडे गाडी वळवली की स्पीडोमीटरचा काटा दहा-पंधराच्या वर जायचं नाव घेत नाही. समोर हातगाडी, तिच्यामागे पोती उतरवणारा छोटा हत्ती, त्याला वळसा घालू पाहणारी ई-रिक्षा. चालवणाऱ्याला हा वैताग वाटतो, पण छोट्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचा आवाज शोधायचा असेल तर इतवारीसारखी जागा नागपुरात दुसरी नाही. वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगात वारा आणि टायर मिळून बाकी सगळं गिळून टाकतात. इथे गाडी रांगते, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि शटरं आवाज परत कानावर फेकतात, आणि रस्त्यात चेंबरची झाकणं, डांबराची ठिगळं, सिमेंट रोडच्या उंच कडा असं हवं ते सगळं मिळतं. फक्त सकाळी, बाजार उघडायच्या आत जा. खिडक्या खाली, टेप बंद, आणि शेजारी कान असलेला एक माणूस.

निघण्याआधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, सैल बसलेली स्टेपनी यांनी आजवर बऱ्याच मालकांना शॉकअपचा खर्च करायला लावला आहे. बॅटरीचा क्लॅम्प, नंबरप्लेट आणि इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर हातानं हलवून बघा. रस्त्यावर खडखड सुरू असतानाच ब्रेकवर हलकासा पाय ठेवा. आवाज तिथल्या तिथे थांबला तर सैल ब्रेकपॅड किंवा झिजलेल्या कॅलिपर पिना हे पहिले संशयित. मागच्या लेखांकात त्यांच्याबद्दल आलंच आहे.

एवढं करूनही गाडी आवाज देऊनच राहिली असेल तर आता खाली काय काय आहे ते समजून घेऊ. अॅम्बॅसडर आणि पद्मिनीच्या काळात पुढच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असत. ठराविक किलोमीटरनंतर गन लावून ग्रीस भरलं की महिनाभर शांतता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोचला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं ही रचना १९४० च्या दशकात आखली आणि ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांनी १९५० च्या सुमारास ती रूढ केली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. वर तो बॉडीला रबरी माउंटिंगनं अडकवलेला, खाली चाकाच्या नकलला पक्का बोल्ट केलेला, आणि नकलचं खालचं टोक बॉल जॉइंटनं लोअर आर्मवर. स्वस्त, हलकी, कमी जागेत बसणारी मांडणी. मात्र तिचे सांधे बहुतेक सीलबंद असतात. वरचा रबरी बूट फाटून आत धूळ-पाणी गेलं की ग्रीस भरून उपयोग नाही, सुटा भाग बदलावा लागतो. म्हणून नेमका कुठला सांधा गेला, हे आधी कळणं महत्त्वाचं.

त्यासाठी सगळ्यात कामाची चाचणी फुकट आहे. एखाद्या स्पीड ब्रेकरवरून गाडी सरळ न्या, दोन्ही पुढची चाकं एकदम चढू द्या. मग फक्त डावं चाक चेंबरच्या झाकणावरून न्या, नंतर फक्त उजवं. दोन्ही चाकं एकदम चढताना गाडी गप्प आणि एकच चाक चढताना ‘टकटक’, असं असेल तर स्टॅबिलायझर बारकडे बघा. हा बार आडवा असतो, दोन्ही लोअर आर्म किंवा दोन्ही स्ट्रट जोडतो. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर तो आपल्या बुशात नुसता फिरतो. एकच वर गेलं तर त्याला पीळ बसतो, आणि तो सगळा जोर टोकाच्या लिंक रॉडवर येतो. लिंकच्या छोट्या बॉल जॉइंटमध्ये मिलिमीटरभर ढिलाई असली तरी ती डॅशबोर्डपर्यंत ऐकू येते. स्विफ्ट किंवा आय-टेनसारख्या गाड्यांत शंभर आवाज ऐकले तर सुरुवात मी याच लिंकपासून करीन. भागही तुलनेनं स्वस्त, आणि काम दोन नटांचं.

ही लिंक तपासताना गॅरेजमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. एका बाजूनं जॅक लावून चाक लटकवलं की बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि ढिलाई लपते. मिस्त्री हलवून बघतो, काही हलत नाही, आणि ‘लिंक बरोबर आहे’ असा निकाल लागतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून, नाहीतर दोन्ही लटकवून, लिंक हातानं हलवायची. जुन्या ८०० आणि ऑल्टोत वेगळी लिंक नसतेच. तिथे बारचं टोक थेट लोअर आर्मच्या बुशातून जातं, आणि आर्मला पुढे-मागे धरून ठेवायचं कामही तोच बार करतो. त्यामुळे त्या गाड्यांत हे बुश झिजले की खड्ड्यातल्या टकटकीबरोबर ब्रेक मारताना एक ‘धप्प’ही येतो.

तो ‘धप्प’ म्हणजे बाकी गाड्यांतही बुशाचीच खूण. रिव्हर्समधून पहिल्यात जाताना एकदा, ब्रेक दाबताना एकदा, आणि मग शांतता. लोअर आर्मचं रबर फाटलं की आर्म मागे-पुढे सरकतो आणि प्रत्येक वेळी दिशा बदलली की ठोकर बसते. आर्म आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये टॉमी घालून हलकेच उचकटा, फाटलेलं रबर लगेच तोंड उघडतं. विदर्भात रबर लवकर वाळतं यात नवल नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते. असं कडक झालेलं रबर आधी कुरकुरतं, मग चिरतं. पावसाळा लागला की कुरकुर अचानक थांबते आणि मालक खूश होतो, पण बुश फक्त ओला झालेला असतो. याच गोष्टीचा उपयोग करून घ्या. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एकेका बुशावर पाणी सोडा आणि मदतनीसाला बॉनेट दाबून गाडी वर-खाली करायला सांगा. जिथे पाणी पडताच आवाज गेला, तो बुश. जळकं इंजिन ऑइल चोपडून आवाज बंद करण्याची पद्धत मात्र सोडा, त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

चाक पूर्ण कापून गाडी दुकानासमोर लावताना ‘टण्ण’ किंवा ‘कट्ट’ होत असेल तर नजर वर न्या. स्टिअरिंग वळवताना अख्खा स्ट्रट फिरतो, आणि त्यासाठी वरच्या माउंटिंगमध्ये बेअरिंग असतं. ते जाम झालं की स्प्रिंगला ओल्या धोतरासारखा पीळ बसत जातो आणि एका क्षणी ती उसळून सुटते. इंजिन बंद, गाडी जागेवर. एकानं स्टिअरिंग सावकाश फिरवायचं, दुसऱ्यानं तळहात स्प्रिंगच्या बाहेरून टेकवायचा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं नकोत. धक्का हाताला स्पष्ट जाणवतो. हाताची ही युक्ती इतर सांध्यांनाही लागू पडते, कारण पत्र्यातून आवाज फिरतो. डावीकडे ऐकू येणारी टकटक बऱ्याचदा उजव्या लिंकची निघते. कान फसतो, सांध्यावर ठेवलेलं बोट सहसा फसत नाही.

बॉल जॉइंटबाबत मात्र चालढकल नको. तो पूर्ण सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी जागेवर बसते. चाक उचलून, घोडी लावून, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलाई असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. नऊ आणि तीनला धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, कितीही घाई असो.

शॉकअपचा उल्लेख इतक्या उशिरा का, असं कोणी विचारेल. कारण गेलेला शॉकअप बहुतेक वेळा गप्प असतो. गाडी झुलते, ब्रेकला नाक खाली घालते, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो, शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा दिसतो. आवाज येतो तो आतला बंप स्टॉप चुरा झाल्यावर किंवा वरचा नट सैल झाल्यावर. तरी ‘शॉकअप गेले’ हे निदान सर्वात आधी ऐकू येतं. बिलात तो आकडा मोठा असतो, एवढंच मी म्हणेन. बदलायचेच तर जोडीनं बदला. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर नसलेल्या माणसाला स्ट्रट खोलू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग वरचा नट काढताच सुटली तर हात राहत नाही.

वळताना अॅक्सिलरेटर दिला की वेगाबरोबर वाढणारी ‘कटकटकट’ ही एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर ही चाकाच्या बेअरिंगची. दोन्हींचा सस्पेन्शनशी संबंध नाही.

नवा बुश बसवून गाडी चार महिन्यांत पुन्हा त्याच आवाजानं परत येते, तेव्हा दोष मालाला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा बोल्ट कसण्याच्या वेळेत असतं. चाक लटकत असताना लोअर आर्मचा बोल्ट पूर्ण कसला तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि कायम तसंच राहतं. आधी बोल्ट हातघट्ट लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची, आणि मगच टॉर्क पान्यानं शेवटची कस द्यायची. खड्ड्यात किंवा रॅम्पवर हे सहज होतं. रस्त्याकडेला जॅकवर होत नाही, म्हणून टाळलं जातं. काम देतानाच हे बोलून घ्या. आणि स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड एंड यांपैकी काहीही उघडलं असेल तर पैसे देण्याआधी अलाइनमेंटचा कागद मागा. त्या कागदावरचे टो आणि कॅम्बरचे आकडे कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात.