अडीच किलो कँडी

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नाताळ जवळ आला की बऱ्याच घरांतला स्लो कुकर फडताळातून खाली उतरतो आणि त्यात मांस-घेवड्याऐवजी शेंगदाणे पडतात. पदार्थाला भांड्याचंच नाव मिळालं आहे, 'क्रॉकपॉट कँडी'. जॉर्जियात जन्मलेली कंट्री गायिका त्रिशा इयरवुड हिच्या नावाने जी कृती लोकांपर्यंत पोचली ती अशी: तळाशी दोन पौंड भाजलेले खारे शेंगदाणे, त्यावर चार औंस 'जर्मन्स' गोड चॉकलेट, त्यावर बारा औंस सेमी-स्वीट चॉकलेट चिप्स आणि सगळ्यांत वर अडीच पौंड पांढरं 'आमंड बार्क'. झाकण लावायचं, कळ 'लो'वर ठेवायची, तीन तास थांबायचं. मधे ढवळायचं नाही. मग एकदाच नीट ढवळून कपकेकच्या कागदी वाट्यांत चमच्याने घालायचं. एवढीशी कृती असल्यामुळे तिची गणना आळशी पाककृतींत होते आणि करणारेही ती कौतुकाने तशीच सांगतात. मला ती आळशी वाटत नाही. वरच्या वजनांची बेरीज साडेपाच पौंड, म्हणजे जवळजवळ अडीच किलो भरते. अडीच किलो गोड एका घरात खायला कुणी करत नाही. ते शेजारी, शाळेतल्या बाई, कचेरीतले लोक, टपाल आणणारा यांना डबे भरून द्यायला करतात. या कृतीतल्या ज्या ज्या गोष्टीला जाणकार नाकं मुरडतात, ती प्रत्येक गोष्ट या वाटण्याच्या हिशेबातून आली आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी सामान पाहू, कारण यातली नावं फसवी आहेत. 'जर्मन्स' चॉकलेटचा जर्मनीशी काही संबंध नाही. सॅम्युएल जर्मन नावाच्या माणसाने 1852 साली मॅसॅच्युसेट्समधल्या बेकर कंपनीसाठी हे जास्त साखरेचं चॉकलेट तयार केलं आणि त्याचं आडनाव वडीला चिकटलं. आमंड बार्कमध्ये बदाम घातलेले नसतात. साखर, पाम कर्नेल तेलासारखी घट्ट वनस्पती चरबी, दुधाची भुकटी, लेसिथिन आणि व्हॅनिलाचा वास मिळून ही पांढरी लादी होते. अमेरिकी नियमाप्रमाणे 'पांढरं चॉकलेट' म्हणवून घ्यायला निदान 20 टक्के कोको बटर लागतं. या लादीतली चरबी पामची, म्हणून तिच्या वेष्टनावर 'कँडी कोटिंग' असं काहीतरी लिहिलेलं असतं. राहता राहिला शेंगदाणा. त्याला 'नट' म्हणत असले तरी तो कठीण कवचाच्या फळांतला नसून कडधान्याच्या कुळातला, हे आपल्याकडे जमिनीतून शेंगा उपटणाऱ्याला सांगायला नको. आता पुन्हा वजनं मोजा. खरं चॉकलेट एक पौंड, आमंड बार्क अडीच पौंड. म्हणजे चॉकलेट म्हणून जे शेंगदाण्यांवर बसतं त्याचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग चॉकलेट नाहीच.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे: मग याला चॉकलेट का म्हणायचं? उत्तरासाठी कोको बटरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ही चरबी थिजताना सहा वेगवेगळ्या रचनांत थिजू शकते आणि त्यांतली एकच, पाचवी, आपल्याला हवी असते. ती साधारण 33-34 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून चॉकलेट हातात टिकतं आणि जिभेवर विरतं. तीच चकाकी देते, तिच्यामुळेच वडी टचकन मोडते. ती साधायची तर डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवून 27-28 पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा 31-32 वर आणून तिथेच धरून ठेवायचं. यालाच टेंपरिंग म्हणतात. अर्धा किलो चॉकलेटचं टेंपरिंग घरी सवयीने जमतं. दीड किलोचं, तेही शेंगदाणे मिसळून, ओट्यावर करायला बसलात तर पहिली वडी टाकेपर्यंत तापमान बरोबर असेल आणि विसाव्या वडीला सगळं दाटून आलेलं असेल. टेंपरिंग चुकलं की चॉकलेट मऊ राहतं, काही दिवसांत त्यावर पांढुरके पट्टे उमटतात, आणि भेट म्हणून दिलेलं चॉकलेट शिळं झाल्यासारखं दिसतं. पाम कर्नेल तेलाची चरबी असा हट्ट धरत नाही. वितळवा, ओता, थंड होऊ द्या, ती आपोआप घट्ट आणि तुकतुकीत होते. दिवाळीला घरगुती चॉकलेटं करून विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या बायका जी 'कंपाउंड'ची लादी आणतात, तिच्यामागेही हेच गणित आहे. आपल्या उन्हाळ्यात तर ते आणखी पटतं. आमंड बार्क म्हणजे हेच कंपाउंड. स्वस्त पडतं हे खरंच, पण या कृतीत ते आलं ते सगळ्या वड्या एकसारख्या थिजाव्यात म्हणून.

आता भांडं. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला 1940 साली ज्या भांड्याचं पेटंट मिळालं, ते मुळात घेवडा शिजवायचं भांडं होतं. लिथुआनियातल्या विल्ना शहरात त्याच्या आईच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी 'चोलंट' नावाच्या कालवणाची हंडी गल्लीतल्या बेकरीच्या विझत चाललेल्या भट्टीत ठेवत. ज्यू लोकांचा शब्बाथ असल्याने शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून रात्रभराच्या मंद धगीवर ते शिजायचं. ही आठवण नॅक्सनने विजेवर आणली. पुढे 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं 'क्रॉकपॉट' या नावाने बाजारात आलं. जाड मातीची कुंडी, तिच्या भोवती तापणारी तार, वर बसकं झाकण. आतली वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली येते, आणि रस्सा आटत नाही. या भांड्याची सगळी हुशारी पाणी सांभाळण्यात आहे. चॉकलेटचं वैर नेमकं पाण्याशी असतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तर त्यातले साखरेचे बारीक कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि तुकतुकीत द्रवाचा रवाळ, कोरडा गोळा होतो. म्हणजे घेवड्याच्या भांड्यात घेवड्याच्या नियमाने चॉकलेट ठेवलं तर नासणारच. ते नासत नाही, कारण आत पाणी घातलेलंच नसतं. भाजलेल्या शेंगदाण्यांत ओल अगदी नाममात्र असते. तरीही सावध बायका झाकणाखाली कोरडा पंचा ताणून बसवतात, कुंडी आणि चमचा पुसून घेतात, आणि झाकण उचलताना ते आडवं सरकवून काढतात, म्हणजे त्याला सुटलेला घाम आत गळत नाही. छापील कृतीत या गोष्टी सहसा नसतात. हात मात्र त्या शिकलेले असतात.

पहिला तास बघणाऱ्याची परीक्षा घेतो. वरून पाहिलं तर काहीच घडत नाही. पांढऱ्या लाद्यांचे कोपरे तेवढे गोलसर होतात. दुसऱ्या तासात काठाशी, म्हणजे तारेच्या बाजूला, पांढरं विरघळून खाली उतरायला लागतं. चिप्स मात्र टोकं वर करून तशाच उभ्या दिसतात. त्या आतून कधीच वितळलेल्या असतात, पण आकार सोडत नाहीत. कुकीत भाजल्यावरही चिप दिसावी म्हणून त्यांत कोको बटर कमी ठेवलेलं असतं, आणि चमचा लागेपर्यंत त्या उभ्या राहतात. ढवळू नका असं सांगण्यामागे एक कारण हे आहे, की डोळ्याला दिसतं त्यावरून आत काय झालं ते कळत नाही आणि दर वेळी झाकण उघडलं की उष्णता जाते, दमटपणा येतो. थरांच्या क्रमालाही अर्थ आहे. आधीच भाजलेले शेंगदाणे एवढ्या आचेला करपत नाहीत, म्हणून ते तळाशी. दुधाची भुकटी असलेलं पांढरं सगळ्यांत नाजूक, म्हणून ते आचेपासून दूर, माथ्यावर. ते विरघळत खाली झिरपतं आणि शेंगदाण्यांमधल्या फटी भरत जातं. शेवटी लाकडी चमचा घातला की काळ्या-पांढऱ्याच्या रेघा फिरतात, आणि दोन मिनिटांत सगळ्याला कडक दुधाळ कॉफीचा रंग येतो.

तीन तासांचा आकडा मात्र मी पवित्र मानत नाही. स्लो कुकरमध्ये 'लो' आणि 'हाय' यांत मुख्य फरक तापायच्या वेगाचा असतो. पुरेसा वेळ दिला तर दोन्ही जवळजवळ उकळीपर्यंत पोचतात. नव्या कुकरांची आच जुन्यांपेक्षा तिखट असते. त्यांत दीड तासात काम होतं आणि तिसऱ्या तासाला काठाशी दूध करपल्याचा वास येतो. एकदा करपलं की ते ढवळून झाकता येत नाही. तेव्हा ही कृती अक्कल लागत नाही म्हणून सोपी आहे असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं. टेंपरिंगची अक्कल कारखान्याने घेतली, भाजण्याची अक्कलही त्यानेच घेतली; पण आपलं भांडं कसं तापतं हे ओळखायची अक्कल घरातच राहिली.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. तीन तास कशाला? मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळत पाच-सात मिनिटांत हेच वितळतं. अर्ध्या किलोसाठी हे मान्य, त्याला कुकर काढणं हा खुळेपणाच. पण दीड किलोचा ढीग मायक्रोवेव्हमध्ये एकसारखा तापत नाही, कुठे करपतो आणि कुठे लादी तशीच राहते. त्याहून मोठी गोष्ट वितळल्यानंतरची आहे. एका वडीला तीसेक ग्रॅम धरले तर अडीच किलोच्या ऐंशीच्या वर वड्या होतात. एकट्या माणसाला त्या वाट्यांत टाकायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. काचेच्या भांड्यातलं मिश्रण तोवर दाटतं, चमच्याला ओढ घेतं, शेवटच्या वड्या ओबडधोबड पडतात, पुन्हा तापवावं लागतं. जाड मातीची कुंडी बंद केल्यावरही ऊब धरून ठेवते, त्यामुळे पहिली आणि शेवटची वडी सारख्याच सैल मिश्रणाची होते. या कामात स्लो कुकरचं खरं मोल वितळवण्यापेक्षा वितळलेलं धरून ठेवण्यात आहे. लंगरातला वाढपी कढईखालची धग का टिकवतो, तसंच हे.

जुन्या अमेरिकी घरगुती मिठाईशी तुलना केली की ही निवड आणखी स्पष्ट होते. फज घ्या. 1888 साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर कॉलेजात एका विद्यार्थिनीने लिलावासाठी तीस पौंड फज केल्याची नोंद आहे, म्हणजे तोही मुळात पुष्कळांसाठी करायचाच पदार्थ. पण फज पाकावर उभा असतो. साखर-दूध 112 ते 116 अंशांवर, आपल्या भाषेत गोळीबंद पाकावर, आणून नेमकं तिथेच उतरवायचं. मग न हलवता निववायचं आणि वेळ साधून घोटायचं. एक-दोन अंश चुकले की तो रवाळ होतो किंवा घट्टच होत नाही, आणि पावसाळी हवेत आणखी रुसतो. चिक्कीचा पाक चुकल्यावर काय होतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको. क्रॉकपॉट कँडीत पाक नाही, त्यामुळे पाक चुकण्याची भीतीही नाही. सणाच्या आठवड्यात, नोकरी सांभाळून, हमखास जमेल असं काहीतरी लोकांना हवं होतं.

तडजोडीची किंमत मात्र मोजावी लागते आणि ती लपवू नये. कोको बटर आणि पाम कर्नेलची चरबी यांचं पटत नाही. दोन्ही एकत्र थिजल्या की मिश्रण दोघींपेक्षाही मऊ होतं. म्हणून कंपाउंडमध्ये कोको बटर अगदी थोडं असावं, असा कन्फेक्शनरीतला दंडक आहे. या कृतीत एक पौंड खऱ्या चॉकलेटबरोबर ते त्याहून बरंच जास्त येतं. शिवाय शेंगदाण्याचं तेल हळूहळू वडीत उतरतं आणि तिला आणखी नरम करतं. परिणाम असा, की ही वडी टचकन मोडत नाही, दाताखाली चिकट-मऊ लागते, आणि महिनाभर ठेवली तर तिच्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. चॉकलेटच्या दर्दी माणसाला हे दोष वाटतील, आणि ते दोष आहेतच. पण वाटायची कँडी महिनाभर राहतेच कुठे? डबा उघडला की दोन-चार दिवसांत तळ दिसतो. चव राखायचं काम मीठ करतं. खारे शेंगदाणे नसते तर एवढ्या साखरेत दुसरी वडी उचलायची इच्छा झाली नसती. बिनमिठाचे शेंगदाणे घेऊन 'पथ्याची' कँडी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शेवटचा आक्षेप: सगळं विकतचं, मग ही घरची कशी? मैदा, साखर विकतच आणून केलेल्या करंजीला आपण घरची म्हणतो, कारण ती कुणासाठी किती करायची हे घर ठरवतं. या कँडीतही तेवढंच घरचं आहे. ते कमी वाटत असेल त्याने ऐंशी वाट्या एकेक करून भरून पाहाव्यात.

आणि वाटायचीच आहे तर एक काम विसरू नये. अमेरिकेत कारखान्याच्या पाकिटावर शेंगदाणे, दूध, सोया यांची नावं छापणं 2004 च्या कायद्याने सक्तीचं केलं आहे. घरच्या डब्याला ती सक्ती नाही. पण शेंगदाणा काही मुलांच्या जिवावर बेततो, आणि कॉफीच्या रंगाच्या वडीत तो झाकून जातो. डबा शेजारच्या दारात ठेवण्याआधी झाकणावर चिठ्ठी चिकटवा: आत शेंगदाणे आहेत.