उघडता येणारा तानपुरा

जुना मिरजेचा तानपुरा पाहिला की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते लाकूड ‘पिकल्याचं’. वर्षं गेली म्हणून आवाज गोड झाला, ही समजूत जगभर आहे आणि ती तपासलीही गेली आहे. 2010मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 21 वादकांना डोळ्यांवर काळा चष्मा लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी होती, तर तीन स्ट्राडिव्हारी आणि ग्वार्नेरी या घराण्यांची, अठराव्या शतकाच्या आसपासची. नवी कोणती आणि जुनी कोणती, हे वादकांना खात्रीने ओळखता आलं नाही आणि पसंतीचं माप नव्या वाद्यांकडे झुकलं. व्हायोलिन म्हणजे तानपुरा नव्हे, हे खरं. लाकडातली काही द्रव्यं काळानुसार विघटित होतात, हेही खरं. पण केवळ वयामुळे वाद्य थोर ठरतं, असं यानंतर म्हणता येत नाही. माझ्या मते जुन्या तानपुऱ्याचं मोल दुसरीकडेच आहे. तो पुन्हा उघडून नीट करता येईल अशा रीतीने जोडलेला असतो, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी जपायची ती हीच गोष्ट.

त्यासाठी आवाज कुठे जन्मतो ते पाहावं लागेल. तार एका ठरावीक बिंदूवर छेडली, तर त्या बिंदूवर स्थिर राहणारे वरचे स्वर उमटू नयेत, असा एकोणिसाव्या शतकातला नियम आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921च्या सुमारास कलकत्त्यात तानपुरा आणि वीणा तपासल्या, तेव्हा नेमके तेच स्वर ठळक ऐकू येत होते. कारण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीत आहे. तिचा माथा धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असतो. कंप पावणारी तार त्या बाकावर क्षणोक्षणी टेकते नि सुटते, आणि प्रत्येक स्पर्शागणिक शक्तीचा काही भाग वरच्या स्वरांकडे वळतो. तारेखालचं सूत केसभर सरकवलं तरी हा स्पर्श बदलतो. यालाच आपण जवारी म्हणतो. वाजवता वाजवता तारा घोडीवर खाचा पाडतात, बाक बिघडतो आणि आवाज मिटत जातो. म्हणून ‘मूळ घोडीला हात लावू नका’ हा आग्रह मला पटत नाही. घोडीचा माथा झिजण्यासाठीच आहे, कानस लावून तो वेळोवेळी नव्याने घडवायचाच असतो. मात्र कानस चालवण्याआधी जुन्या बाकाचा छाप कागदावर घ्यायला हवा. जुनी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल, तर वन्यजीव कायद्यामुळे तसाच नवा तुकडा बाजारातून आणता येत नाही. तिथे उंटाचं हाड किंवा शिसव चालतं.

भोपळा, त्याच्या तोंडावरची लाकडी तबली आणि दांडी यांची गोष्ट वेगळी. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, कारागीर फरीदसाहेबांच्या काळापासून, मूळच्या हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम नावारूपाला आणलं. पंढरपूर भागातला वाळलेला भोपळा, तुणीचं लाकूड आणि जुन्या वाद्यांत जोडायला सरस. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतलं प्रथिन. ऊब आणि ओल मिळाली की तो मऊ होतो, त्यामुळे तबली न फोडता सुटते आणि तडकलेला भोपळा आतून कापड चिकटवून सांधता येतो. एकोणिसाव्या शतकातल्या छोट्या पार्लर गिटारीही अशाच सरसाने जोडलेल्या. आतड्याच्या तारांसाठी घडवलेल्या त्या वाद्यांवर पुढे पोलादी तारा चढल्या, पोट फुगलं, मान वाकली. आज त्या वाचवता येतात, कारण वाफ देऊन मानेचा सांधा सोडवता येतो.

यावर रास्त आक्षेप असा की नाशिकसारख्या ठिकाणी मे महिन्यातली दुपार कोरडी आणि जुलैची हवा ओली, तिथे सरस तग धरेल का? इपॉक्सी अधिक मजबूत नाही का? मजबूत आहेच, आणि नेमका तोच धोका आहे. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. हा ताण कुठेतरी मोकळा व्हावाच लागतो. सरसाचा सांधा उकलला तर पुन्हा चिकटवता येतो, पण सांधा हटला नाही तर शेजारचं लाकूड चिरतं. चिरेवर आडवी कडक पट्टी ठोकण्याचा किंवा जाड चकचकीत पॉलिश चढवण्याचा मोहही याच कारणाने टाळावा. जाड थराने तबलीचं वजन वाढतं आणि तिची हालचाल दबते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा असताना एवढा खटाटोप कशाला, हा दुसरा आक्षेप. प्रवासात आणि रियाजाला तो उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणाऱ्याने स्वतःच्या गळ्याला साजेशी जवारी सूत सरकवत शोधणं हे कानाचं शिक्षण आहे, आणि ते कळ दाबून मिळत नाही. अशा शिक्षणाचा धागा नाशिकला मिरजेशी जोडतो: गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, उत्तरायुष्यात नाशिकला राहिले आणि 1931मध्ये मिरजेतच वारले. नाशिक आणि मिरज यांचं हे गाण्याचं नातं वाद्यांच्या दुरुस्तीतही टिकायला हवं. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते घडवण्याच्या कौशल्यासाठी. जुनी तबली न दुखावता सोडवणारे हातही तितकेच दुर्मीळ आहेत. त्यांची रीत, घोड्यांचे छाप आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद संगीत विद्यालयांनी आतापासून ठेवायला हवी.