खचलेल्या माणसाला मंडळी काय देऊ शकते?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी आठव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे काय, या प्रश्नाला त्या काळच्या समाजाकडे एकच उत्तर होते: कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई दाखल झाल्या. त्यांचे भाऊ नरहरपंत हे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, मुरुडच्या या कर्व्यांशी गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडणाऱ्या बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. सदन चालवणारी बाई ख्रिस्ती होती. गोदूबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. दुःखात ख्रिस्ती मंडळींचा आधार म्हणजे नेमके काय, हे समजायला मला याहून चांगले उदाहरण दिसत नाही. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली, हातात पाटी-पुस्तक मिळाले आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतकी उसंत मिळाली. खचलेल्या माणसाला सांत्वनाच्या शब्दांपेक्षा या तीन गोष्टींनी जास्त उभारी येते, असे माझे म्हणणे आहे.

रमाबाईंना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. आईवडील, बहीण, भाऊ आणि १८८२ साली पती, अशी माणसे एकामागून एक गेल्यावर डॉक्टर व्हायचे ठरवून १८८३ मध्ये त्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीचा दरवाजाच बंद झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परका देश, हाती पैसा नाही आणि ज्यासाठी आलो तेच हुकलेले. वाँटिज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठाने या मायलेकींना ठेवून घेतले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना शिकण्याची सोय करून दिली आणि संस्कृत शिकवण्याचे कामही दिले. हे काम देणे मला फार महत्त्वाचे वाटते. जिची सगळी गणिते चुकली होती, तिच्यापाशी अजून देण्यासारखे काही आहे, हे तिला कोणी बोलून पटवले नाही. वर्गात उभे करून दाखवले.

पण त्याच मंडळींनी त्यांना त्रासही दिला, हे झाकण्यात अर्थ नाही. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचावा. वाँटिजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना हवा होता आज्ञाधारकपणा. रमाबाई मात्र त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारतात, शाकाहार सोडत नाहीत, आणि सदसद्विवेक कोणाच्या स्वाधीन करणार नाही असे स्पष्ट कळवतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यालाही बिशपांनी हरकत घेतली. बील यांनी मात्र त्यांच्या शंका ऐकून घेतल्या, उत्तरे दिली आणि मतभेद राहिले तरी माया कमी केली नाही. आधार आणि ताबा यांतला फरक इथे उघड दिसतो. एकाच मंडळीत दोन्ही नांदतात, म्हणून कोणता मिळतो आहे हे दुखावलेल्या माणसानेही डोळे उघडे ठेवून पाहावे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अडचणीतल्या माणसाला मदत म्हणजे धर्मांतराचे आमिष. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९३ सालीच, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकरांसारखे समाजसुधारक सल्लागार सदनापासून दूर झाले. सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरे. त्यांचा निर्णय त्यांचा होता असे मी मानते. तरीही आसरा देणाऱ्याच्या शब्दाला आसरा घेणाऱ्याच्या मनात वेगळे वजन असते, हे मान्य करावेच लागेल. म्हणून कसोटी एकच ठेवावी: नाही म्हणणाऱ्यालाही ताटात तितकेच वाढले जाते का? गोदूबाईंच्या बाबतीत याचे उत्तर होय असे आहे.

दुसरा आक्षेप असा की आज नातलग, मित्र, समुपदेशक असताना मंडळी कशाला? मन आजारी पडले असेल तर डॉक्टरच हवा, आणि पाळकाने तसे स्पष्ट सांगायला हवे. पण नातलगांपाशी अपयश सांगताना संकोच होतो, मित्र बदलीच्या गावी निघून जातात. दर रविवारी त्याच बाकांवर भेटणाऱ्या माणसांना तुमची रिकामी जागा दिसते, हा मोठा फायदा आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यामुळे कोणाची नोकरी गेली, कोणाचे लग्न मोडले, हे लवकर कळते. त्याची कुजबुजही होऊ शकते आणि विचारपूसही. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. ‘प्रभूची इच्छा’ असे म्हणून दुःखाचा अर्थ लावण्याची घाई करू नका. त्या घरी जा, थोडा वेळ बसा, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला करण्याजोगे एखादे काम त्याच्या हाती द्या.