ट्रॅक्टराच्या पुढील आसाची झीज

लहान ट्रॅक्टराचा पुढील आस मध्यभागी एका जाड पिनेवर डोलता बसविलेला असतो. त्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही चाके टेकून राहतात. धूळ व अपुरे वंगण यांमुळे पिनेभोवतीचे बुश झिजतात आणि ट्रॅक्टर भरकटू लागतो. तपासणीपूर्वी मागील चाकांना अडण लावून, पुढचा भाग जॅकने उचलून सांगाड्याखाली भक्कम आधार देतात. आस मागेपुढे हलल्यास मधली पिन वा बुश झिजलेले असतात. चाक वर व खाली धरून हलविल्यावर केवळ तुंबा हलला, तर दोष बेअरिंगात असतो. तुंब्याचा दांडाही हलला, तर किंगपिनाच्या बुशात असतो. झिजलेले भाग बदलतात. बुशाचे घर लंबवर्तुळाकार झाले असल्यास ते कातून त्यात नळी बसवितात. अन्यथा नवा बुशही लवकरच सैल होतो.